कोजागरीचे दूध

आश्विनी पौर्णिमेस पाहुण्यांना आटीव केशरी दूध द्यावयाचे, ही आपली जुनी चाल. सजावट ती कसली? गच्चीवर जाजम, कोपऱ्यात रांगोळी, आणि दिवे मालविले की झाले. खरा प्रश्न असे तो दुधाचा.

गोरेगावची आरे वसाहत १९४९ साली सुरू झाली आणि मुंबईतील गोठ्यांमधील म्हशी तेथे नेण्यात आल्या. पुढे केंद्रावर पहाटे रांग लावून काचेच्या बाटल्या घ्यावयाच्या, त्याही कार्डावर ठरतील तेवढ्याच. मग साऱ्या चाळीला पुरेल एवढे दूध आणावे कोठून? आमच्या अंधेरीच्या चाळीत प्रत्येक बिऱ्हाड त्या दिवशी आपल्या वाट्याची एक बाटली देई. घरी चहा कोराच! कुरकुर होई, ती पुरुषमंडळींची.

पेले घरोघरचे, नावे घातलेली असल्याने बिनचूक परत जात. पातेले मात्र एकच, पितळेचे. कल्हईवाला भाता लावून ते तापवी, नवसागर टाकी, कथील फिरवी, की आतून चांदीसारखे लखलखे. पुढे स्टेनलेस स्टील आले नि त्याची हाक विरळ झाली.

एका वर्षी कल्हईचे काम माझ्याकडे होते; मी ते उद्यावर टाकीत राहिले. दूध आटले, पण पूजा होईतो पातेल्यातच राहिले आणि कळकले. बावीस बिऱ्हाडांच्या बाटल्या मोरीत ओताव्या लागल्या. कोणी मला बोलले नाही. शेजारच्या काकूंनी गूळपाणी वाटले, आणि चंद्र माथ्यावर येईतो सगळ्या बसून राहिल्या.