२१६ रंगांची चौकट : संगणकाच्या पडद्यावरचे रंग कोणी ठरवले?

१/ १९९६ च्या सुमारास वेबसाइट सजवू पाहणाऱ्या कलावंतापुढे एक विलक्षण अडचण होती. चित्रकाराला हवे ते रंग मिसळता येतात, छापखान्याला हवी ती शाई आणता येते. या कलावंताच्या वाट्याला मात्र मोजून २१६ रंग आले होते. त्याबाहेरचा रंग वापरला, तर वाचकाच्या पडद्यावर तो रवाळ, ठिपक्याठिपक्यांचा होऊन उमटे. हे २१६ रंग आले कोठून आणि गेले कोठे, त्याची ही कहाणी.

२/ वेबचा जन्मच मुळात रंगहीन. १९९० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी पहिला ब्राउझर लिहिला तो नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर. त्याच्या पडद्यावर काळा, पांढरा आणि मधले दोन करडे अशा चारच छटा उमटत. शास्त्रज्ञांनी एकमेकांचे दस्तऐवज वाचावेत, एवढाच हेतू असल्याने रंगांवाचून कोणाचे काही अडलेही नाही.

३/ १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मोझॅक हा ब्राउझर तयार झाला आणि मजकुराच्या शेजारीच चित्रे दिसू लागली. पाठोपाठ १९९४ मध्ये नेटस्केप आला. दस्तऐवजांचे हे जाळे आता मासिकासारखे, जाहिरातीसारखे दिसावे अशी अपेक्षा निर्माण झाली. रंगांची भूक वाढली. पण ती भागवण्याची ताकद घरोघरच्या संगणकांत नव्हती.

४/ अडचण स्मृतीची, म्हणजे मेमरीची होती. ६४० × ४८० बिंदूंच्या पडद्यावर ३,०७,२०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूचा खरा रंग (लाल, हिरवा, निळा मिळून तीन बाइट) साठवायचा तर ९,२१,६०० बाइट लागतात. एकाच बाइटवर भागवले, तर एक तृतीयांश जागेत काम होते. त्या काळी पडद्यासाठीची मेमरी महाग होती, म्हणून असंख्य संगणक एका बाइटवरच चालत.

५/ एका बाइटमध्ये ० ते २५५ असे २५६ आकडे मावतात, म्हणून पडद्यावर एका वेळी २५६ रंग. जणू २५६ वाट्यांचे एक ताट. कोणत्या वाटीत कोणता रंग हे बदलता येई, वाट्या मात्र वाढत नसत. त्यातही विंडोजने २० वाट्या स्वतःसाठी राखलेल्या. मॅकिन्टॉशचे ताट वेगळेच वाढलेले. एका यंत्रावर सुंदर दिसलेले पान दुसऱ्यावर ओळखू येईनासे होई.

६/ यावर ब्राउझर तयार करणाऱ्यांनी गणिती तोडगा काढला. लाल, हिरवा व निळा या तिन्ही प्रकाशांच्या प्रत्येकी सहाच पायऱ्या घ्यायच्या : ०, ५१, १०२, १५३, २०४ आणि २५५. मग ६ × ६ × ६ = २१६ रंग होतात. उरलेल्या ४० वाट्या संगणकाच्या स्वतःच्या कामासाठी मोकळ्या राहतात. सर्व यंत्रांवर सारखे उमटतील असे हे ‘सुरक्षित’ रंग.

७/ हा ताटवा कलावंतांपर्यंत नेण्याचे मोठे श्रेय लिंडा वाइनमन यांना जाते. १९९६ मध्ये त्यांचे ‘डिझाइनिंग वेब ग्राफिक्स’ हे पुस्तक आले आणि ब्राउझरला मानवणाऱ्या रंगांचे तक्ते स्टुडिओ-स्टुडिओत पोहोचले. चित्रकलेच्या वर्गातून थेट संगणकापुढे बसलेल्या पिढीला त्या तक्त्यांनी नव्या माध्यमाची वर्णमाला शिकवली.

८/ पण वर्णमालेत एक खोट होती. तिच्या पायऱ्या आकड्यांत समान होत्या. डोळ्यांना त्या तशा भासत नसत. हिरव्याच्या कित्येक छटा जवळजवळ सारख्याच वाटत, तर त्वचेचे वर्ण आणि पार्श्वभूमीला शोभतील असे हलके, सौम्य रंग हाती फारसे लागत नसत. रंगांची निवड बेरीज-गुणाकाराने झाली होती, कोणाच्या नजरेने नव्हे.

९/ वास्तविक नजरेने रंग मोजण्याचे काम त्याआधी ९० वर्षांपासून चालू होते. बोस्टनमधील कलाशिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ मध्ये ‘अ कलर नोटेशन’ या पुस्तकात रंगाची जात, उजळपणा आणि तीव्रता असे तीन निकष मांडले. दोन शेजारच्या छटांतील अंतर डोळ्याला सारखे वाटले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

१०/ पुढे १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड यांनी स्वतंत्रपणे प्रयोग केले. लाल, हिरवा व निळा प्रकाश कमीअधिक करून समोरच्या रंगाशी जुळवायचा, असे काम त्यांनी निरीक्षकांना दिले. राइट यांचे निरीक्षक १०, गिल्ड यांचे ७. त्यावरून १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने ‘प्रमाण निरीक्षक’ ठरवला.

११/ म्हणजे अवघ्या १७ जणांचे डोळे! १९९६ मध्ये एचपी व मायक्रोसॉफ्ट यांनी पडद्यांसाठी सुचवलेले ‘एसआरजीबी’ हे मानक १९३१ च्या याच पायावर उभे आहे, आणि वेबवरचा रंग आजही प्रामुख्याने त्याच मापाने मोजला जातो. यंत्राच्या आकड्यामागेही शेवटी माणसाची नजरच उभी असते ती अशी.

१२/ आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून रंगांना नावे दिली गेली. एचटीएमएलने १९९७ मध्ये मान्य केलेली १६ नावे विंडोजच्या १६ रंगी ताटातली होती. बाकीची बहुतेक नावे युनिक्स संगणकांवरील ‘एक्स ११’ या प्रणालीच्या यादीतून आली. दोन याद्या जोडताना सांधा नीट बसला नाही. म्हणून आजही ‘डार्कग्रे’ नावाचा करडा हा नुसत्या ‘ग्रे’पेक्षा फिकट आहे!

१३/ या यादीत मराठी वाचकाला ओळखीचे चेहरे भेटतात. ‘खाकी’ हा फारसीतल्या ‘खाक’ म्हणजे धुळीचा रंग. ‘क्रिमझन’ आणि आपला ‘किरमिजी’ हे दोन्ही शब्द अरबी ‘किर्मिझ’ या कीटकनामापासून आलेले सख्खे भाऊ. ‘इंडियनरेड’ गेरूच्या कुळातला. ‘इंडिगो’ ही आपली नीळ. पण यादीतला इंडिगो (७५, ०, १३०) निळीपेक्षा जांभळ्याकडेच अधिक झुकतो.

१४/ इकडे मेमरी स्वस्त होत गेली आणि २५६ वाट्यांचे ताट हळूहळू मागे पडले. दोन बाइटवर चालणारे, ६५,५३६ रंगांचे पडदे आले. त्यांत लाल व निळ्याच्या ३२ आणि हिरव्याच्या ६४ पायऱ्या. ३२ पायऱ्यांमध्ये ३१ अंतरे असतात व ६४ मध्ये ६३. दोहोंनाही पाचाने निःशेष भाग जात नाही. त्यामुळे जुन्या सहा पायऱ्या या नव्या पायऱ्यांवर चपखल बसेनात.

१५/ २००० मध्ये डेव्हिड लेन आणि हॅडली स्टर्न यांनी ‘वेबमंकी’वर आपल्या चाचण्यांचा निष्कर्ष मांडला : सर्व प्रकारच्या पडद्यांवर खरोखर सुरक्षित असे रंग २१६ नसून केवळ २२ आहेत. तेवढ्यात कोणाचे भागणार? सुरक्षिततेची कल्पनाच निकालात निघाली. काही वर्षांत १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंग सर्वसामान्य पडद्यांवर आले.

१६/ यंत्राचे बंधन सुटले, पण मोकळीक मिळाली असे नव्हे. पडद्यासमोरचा डोळा प्रत्येकाचा निराळा. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ मध्ये स्वतःच्याच सदोष रंगदृष्टीचे वर्णन केले होते. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे १२ पैकी एकाला लाल-हिरव्यातला भेद नीट कळत नाही. ‘लाल रंगातल्या सूचना वाचा’ ही ओळ त्याच्यासाठी निरर्थक ठरू शकते.

१७/ म्हणून वेब मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने १९९९ मध्ये सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत आकडाच घातला. साधा मजकूर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे. केवळ रंगावर विसंबून अर्थ सांगू नये, हेही त्यात स्पष्ट केले.

१८/ या मापाने पाहता पांढऱ्यावर काळे २१ : १, शुद्ध निळे सुमारे ८.६ : १, शुद्ध लाल ४ : १ आणि पिवळे जेमतेम १.०७ : १. म्हणजे पांढऱ्या पानावर ठसठशीत वाटणारे लाल अक्षरसुद्धा नापास! कारण डोळ्याला जाणवणाऱ्या उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा केवळ ७ टक्के असतो.

१९/ आणि २१६ रंगांपैकी एकाला पुढे अनपेक्षित आयुष्य लाभले. जून २०१४ मध्ये सीएसएसचे नामवंत लेखक एरिक मायर यांची कन्या रिबेका कर्करोगाने आपल्या सहाव्या वाढदिवशीच गेली. तिचा आवडता रंग जांभळा. जगभरातील वेब तंत्रज्ञांनी #६६३३९९ या रंगाला तिचे नाव देण्याचे सुचवले. त्याच महिन्यात ते मान्य झाले : ‘रिबेकापर्पल’.

२०/ ‘बेका’ हे लहान बाळाचे नाव, सहा वर्षांची झाले की मला रिबेका म्हणायचे, असे तिने आधीच बजावले होते. म्हणून वडिलांनी पूर्ण नावाचाच आग्रह धरला. ६६, ३३, ९९ ही सोळाच्या अंकपद्धतीतली जुन्याच पायऱ्यांची नावे : १०२, ५१, १५३. गुणाकाराने जन्मलेला हा जांभळा पांढऱ्यावर ८.४ : १ ने उठून दिसतो. डोळ्यांच्या कसोटीलाही तो उतरतो.

२१/ पंचवीस-तीस वर्षांत बंधन असे जागा बदलत गेले. आधी विचारले जाई, ‘यंत्राला हा रंग पेलवेल का?’ आता विचारावे लागते, ‘समोरच्या माणसाला तो दिसेल का?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर मेमरी स्वस्त झाल्यावर आपोआप मिळाले. दुसऱ्याचे उत्तर मात्र रंग निवडणाऱ्यालाच, दर पानागणिक, नव्याने शोधावे लागते.