सोहोचे मजले कुणाच्या नावावर?

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर हाउस्टन रस्ता आणि कनाल रस्ता यांच्या मधल्या पट्ट्याला सोहो म्हणतात. लॉफ्टमध्ये राहण्याची आजची जगभरची हौस इथूनच पसरली. (आपल्याकडचा स्वयंपाकघरावरचा पोटमाळा इथे अभिप्रेत नाही, जुन्या कारखान्याचा किंवा गोदामाचा अख्खा मजला म्हणजे लॉफ्ट.) या लॉफ्टची एक ठरावीक कहाणी सगळीकडे सांगितली जाते. कारखाने गेले, इमारती ओस पडल्या, खिशात पैसे नसलेले चित्रकार तिथे येऊन राहिले, त्यांच्यामागून कलादालने आली, दालनांमागून श्रीमंत आले आणि शेवटी चित्रकारांनाच तिथे राहणे परवडेना. ही कहाणी लोकप्रिय आहे, कारण तिच्यात दोषी कुणीच नाही. ऋतू बदलावा तसा परिसर बदलला, एवढेच तिचे म्हणणे. माझ्या मते सोहोतले जवळजवळ प्रत्येक वळण एखाद्या नियमाने, सवलतीने किंवा मालकीच्या करारपत्राने घडवलेले आहे. तिथे कोण राहणार आणि कुणाला निघावे लागणार, याचा निकाल कलेपेक्षा कायद्याने अधिक लावला.

आधी इमारतींकडे पाहू. 1850 ते 1880च्या दरम्यान या भागात ओतीव लोखंडाच्या दर्शनी भिंतींच्या इमारती मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या. खांब, कमानी, नक्षी हे सारे भट्टीत ओतून आणायचे आणि जागेवर बोल्टने जोडायचे. दगडापेक्षा काम स्वस्तात आणि झटपट होई, आणि लोखंडी खांब सडपातळ असल्याने दोन खांबांमध्ये मोठाल्या खिडक्या बसत. ब्रूम रस्ता आणि ब्रॉडवेच्या नाक्यावरच्या हॉवट इमारतीत 1857 साली एलिशा ओटिसची प्रवासी लिफ्ट बसली. व्यापारी इमारतीतली ती पहिली प्रवासी लिफ्ट मानली जाते. साधारणपणे 25 फूट रुंद आणि 100 फूट खोल प्लॉट, उंच छत, खाली दुकान, वर गोदाम किंवा कारखाना, अशी रचना. दर्शनी भाग लोखंडाचा असला तरी आत लाकडी तुळया आणि लाकडी जमिनी होत्या, आणि विसाव्या शतकात त्यांच्यावर चिंध्या, रद्दी, कापडाचे तुकडे, बाहुल्या, अंतर्वस्त्रे यांचे ढीग असत. आग लागली की ती आवरत नसे. 1958च्या फेब्रुवारीत वूस्टर रस्त्यावरच्या आगीत आग विझवायला गेलेले सहा जण दगावले. पुढच्याच महिन्यात हाउस्टन रस्त्याच्या जरा वर, ब्रॉडवेवरच्या अंतर्वस्त्रांच्या कारखान्यात 24 कामगार मेले. अग्निशमन दलात या परिसराचे नाव ‘नरकाचे शंभर एकर’ असे पडले होते. 1961च्या नव्या नगररचना नियमांनी हा भाग केवळ उद्योगासाठी राखून तिथे राहायला मनाई केली, ती या पार्श्वभूमीवर. पुढच्या काळात या मनाईची कलावंतांना छळणारी लालफीत म्हणून थट्टा झाली. पण तिच्यामागे जळालेल्या माणसांचा हिशेब होता, हे विसरता येत नाही.

इमारती ओस होत्या, हे म्हणणेही तपासायला हवे. चेस्टर रॅपकिन या नियोजनतज्ज्ञाने 1963 साली शहराच्या नियोजन आयोगासाठी या भागाची पाहणी केली. पाडून टाकण्याजोगा उकिरडा अशी या भागाची ख्याती असताना रॅपकिनला तिथे हजारो माणसे कामावर दिसली. त्यांत पोर्तोरिकन आणि कृष्णवर्णीय कामगार मोठ्या संख्येने होते. शाळा अर्धवट सुटलेल्या, इंग्रजी मोडकेतोडके बोलणाऱ्या माणसाला न्यूयॉर्कमध्ये ज्या थोड्या ठिकाणी काम मिळे, त्यांतले हे एक होते. हा उद्योग हलवू नये, अशी रॅपकिनची शिफारस होती. मग गैरसमज कसा रुजला? मला त्याचे एक साधे कारण दिसते. हे कामगार सोहोत राहत नव्हते. सकाळी भुयारी रेल्वेने यायचे आणि संध्याकाळी ब्राँक्सला, ब्रुकलिनला परत जायचे. कारखाना बंद झाला तेव्हा कुणाचे घर रिकामे झाले नाही, कुणाचे सामान रस्त्यावर आले नाही. आपल्या गिरणगावाशी ताडून पाहिले म्हणजे फरक ध्यानात येतो. परळ-लालबागचा कामगार गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात, चाळीत राहत होता. त्याला अण्णाभाऊ साठे मिळाले, नारायण सुर्वे मिळाले, मंडळे आणि खानावळी मिळाल्या. गिरण्या बंद पडल्या तेव्हा काय गेले हे सांगणारी माणसे जागेवरच होती. सोहोतल्या टोप्या आणि बाहुल्या बनवणाऱ्या बायकांच्या वाट्याला असे काही आले नाही, आणि त्या परिसराचा इतिहास नंतर राहायला आलेल्यांनी लिहिला. आपल्या आधी इथे कुणी नव्हते, असे त्यांना वाटणे स्वाभाविकच होते.

यावर आक्षेप येईल की कारखाने तसेही जाणारच होते. मोठे ट्रक अरुंद रस्त्यांत वळत नव्हते, सावकाश मालवाहू लिफ्टने पाच मजले माल चढवण्यापेक्षा उपनगरात एकमजली शेड बांधणे स्वस्त पडत होते. हा आक्षेप बराचसा खरा आहे. मात्र ऱ्हासाला सरकारनेही हातभार लावला. शहरातला बडा सरकारी अधिकारी रॉबर्ट मोझेस याच्या आराखड्यानुसार ब्रूम रस्त्यावरून दहा पदरी द्रुतगती मार्ग जाणार होता. सुमारे 2,000 कुटुंबे आणि 800 व्यवसाय हटवावे लागणार होते. 1962 साली शहराच्या कार्यकारी मंडळाने तो फेटाळला, तरी तो पुन्हा वर आला आणि 1969मध्येच कायमचा निकालात निघाला. या मार्गाला विरोध करणाऱ्या लेखिका जेन जेकब्ज यांना त्यापायी 1968 साली अटक झाली. इतकी वर्षे डोक्यावर पाडकामाची टांगती तलवार असलेल्या इमारतीत कोणता मालक नवी लिफ्ट बसवेल, आणि कोणता कारखानदार नवी यंत्रे आणेल? मालकांनी मजले मिळेल त्या भाड्याने, थोड्या मुदतीने, फारशी चौकशी न करता द्यायला सुरुवात केली. चित्रकारांना मिळालेली स्वस्ताई अशी आली होती.

हे राहणे बेकायदा होते, आणि रोजच्या जगण्यात ते जाणवत असे. कचेरीच्या वेळेनंतर आणि सुट्टीच्या दिवशी इमारतीतले हीटिंग बंद व्हायचे. तपासनीस आला की बिछाना दडवायचा. घरगुती कचरा दारात ठेवला तर बिंग फुटेल म्हणून तो लांब नेऊन टाकायचा. 1961 साली कलावंत भाडेकरूंनी संघटना काढली, आपल्या कलाकृतींची प्रदर्शने रोखण्याची धमकी दिली आणि शहराशी तडजोड केली: दाराबाहेर ‘ए.आय.आर.’, म्हणजे इथे कलावंत राहतो, अशी पाटी लावायची, जेणेकरून आग लागल्यास बंबवाल्यांना वर माणूस आहे हे कळेल. 1964च्या राज्य कायद्याने कलावंतांना व्यापारी इमारतीत राहायची आणखी मुभा दिली. परवान्यांच्या मालिकेतला हा पहिला दुवा. लक्षात घ्यायचे ते असे की, सूट मागताना कलावंतांनी ती सर्वांसाठी मागितली नाही. स्वस्त जागेची गरज असलेल्या शिंप्याला किंवा शिक्षकाला तिच्यात स्थान नव्हते.

यानंतर मालकीचा प्रश्न आला, आणि तो उभा करणारा माणूस मोठा विलक्षण होता. लिथुआनियात जन्मलेला जॉर्ज मॅच्युनस हा फ्लक्सस या कलाचळवळीचा प्रवर्तक. 1967पासून त्याने एकेक इमारत विकत घेऊन कलावंतांच्या सहकारी संस्था काढायला सुरुवात केली; 80, वूस्टर रस्ता ही त्यांतली गाजलेली. बँका या भागाला कर्ज देत नव्हत्या, तेव्हा सभासदांच्या पैशांतून आणि उसनवारीतून व्यवहार चालत. कायदेशीर माहितीपत्रक दाखल न करताच त्याने भाग विकले म्हणून राज्याचा ॲटर्नी जनरल त्याच्या मागे लागला. 1975 साली बिलाच्या वादातून त्याला इतकी मारहाण झाली की त्याचा एक डोळा गेला. स्वतः मॅच्युनसने यातून पैसा केला नाही. पण त्याच्या संस्थांची रचना पाहा: सभासद मालक होता, आणि त्याला आपला भाग बाजारभावाने विकता येत होता. भाव चढू लागताच या रचनेतला प्रत्येक कलावंत, त्याची इच्छा असो वा नसो, जमीनजुमल्याच्या बाजारातला माणूस झाला. शिल्पकार डोनाल्ड जडने 1968 साली 101, स्प्रिंग रस्ता ही पाच मजली इमारत 68,000 डॉलरला घेतली. अशा खरेदीनंतर कलावंत केवळ बळी होते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

उरलेले काम पुढच्या दशकातल्या कायद्यांनी केले. 1971 साली शहराने सोहोत राहणे वैध केले, पण शहराच्या सांस्कृतिक खात्याचे कलावंत असल्याचे प्रमाणपत्र असलेल्यांपुरतेच. कलावंत कोण, हे ठरवायला सरकारी समिती! 1973 साली हा परिसर ऐतिहासिक म्हणून घोषित झाला. 1975 साली एका जुन्या करसवलतीचा विस्तार झाला. मुळात 1955 साली ती जुनाट भाड्याच्या घरांत गरम पाण्याची सोय व्हावी म्हणून आली होती; आता कारखान्याचे घर करणाऱ्यालाही ती मिळू लागली. समाजशास्त्रज्ञ शॅरन झुकिन यांनी ‘लॉफ्ट लिव्हिंग’ या 1982च्या पुस्तकात दाखवले की याच सुमारास बँका आणि विकसक पुढे सरसावले. मालकाने साधा हिशेब केला: कारखान्याला भाड्याने द्यावे, की कर वाचवून घरे करावीत? 1982च्या लॉफ्ट कायद्याने बेकायदा राहणाऱ्या भाडेकरूंना संरक्षण दिले, हे त्या कायद्याचे श्रेय. कारखान्याच्या भाडेकरूला मात्र यांतल्या कुठल्याच कायद्याने संरक्षण दिले नाही.

‘पण इमारती तर वाचल्या ना?’ हा यावरचा सर्वांत वजनदार प्रश्न आहे, आणि त्याला होकारच द्यावा लागतो. पेन स्टेशन या जुन्या रेल्वेस्थानकाचे पाडकाम 1963 साली ज्या शहरात सुरू झाले, त्याच शहरात काहीशे लोखंडी इमारती टिकून राहिल्या, ही छोटी गोष्ट नाही. पण इमारत वाचवण्यासाठी आतली माणसे बदलावीच लागतात असे नाही, याचा पुरावा सोहोपासून फार दूर नाही. हडसन नदीकाठची बेल टेलिफोन प्रयोगशाळेची इमारत रिचर्ड मायर या वास्तुविशारदाने कलावंतांच्या घरांत रूपांतरित केली आणि 1970 साली ती वेस्टबेथ नावाने खुली झाली. तिला पाठबळ देणाऱ्यांत जे. एम. कॅप्लन निधी होता. मॅच्युनसच्या संस्थेलाही याच निधीने मदत केली होती. काळ तोच, शहर तेच, राहणारे तशाच धंद्यातले. फरक एवढाच की वेस्टबेथ ना-नफा संस्थेच्या ताब्यात राहिली आणि तिथला रहिवासी भाडेकरू राहिला. त्याला घर विकता येत नाही. भोवतालचा परिसर अतिमहाग झाला तरी तिथली भाडी बाजाराच्या खूप खाली राहिली आणि कलावंत अजून तिथे आहेत. कलावंत आले की भाव चढतो आणि कलावंत जातात, हा जर निसर्गनियम असता तर वेस्टबेथ टिकली नसती.

सोहोतल्या नंतरच्या रूपांतरांत सहकारी संस्थेच्या जोडीला काँडोमिनियम आले. न्यूयॉर्कने त्याचा कायदा 1964 साली केला. आपल्याकडचा त्याच धर्तीचा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट 1970चा. सोसायटीत माणूस सभासद असतो, त्याच्या हाती शेअर सर्टिफिकेट असते. अपार्टमेंटमध्ये सदनिका थेट त्याच्या नावावर होते आणि जिन्या-गच्चीत त्याचा अविभक्त हिस्सा राहतो. न्यूयॉर्कच्या सहकारी संस्थेला येणारा खरेदीदार नाकारता येतो, काँडोमिनियमला तो अधिकार फारसा नसतो. स्वतंत्र मजला, स्वतंत्र कर्ज, शेजाऱ्यांच्या संमतीवाचून विक्री अशी सोय झाल्यावर लॉफ्ट कुठल्याही गुंतवणूकदाराला परदेशात बसून घेता येऊ लागला. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींबाबतही निर्णायक ठरले ते नियमातले शब्दच. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58व्या नियमाने जमिनीची शहर, म्हाडा आणि मालक अशी ढोबळ तिहेरी वाटणी योजली. 2001च्या दुरुस्तीने ती वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती केली, म्हणजे जिथे गिरणी उभी होती ती जागा हिशेबातून सुटली. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. मुंबईत इमारती पडल्या, सोहोत टिकल्या. दोन्हीकडचे कामगार गेलेच.

सोहोतल्या प्रमाणपत्राच्या नियमाकडे पुढे सर्रास काणाडोळा झाला आणि कागदोपत्री कलावंत नसलेले अनेक जण तिथे राहू लागले. 2021च्या डिसेंबरमध्ये शहराने सोहोची नगररचना पुन्हा बदलली आणि कलावंतांसाठी राखलेला मजला साध्या घरात बदलून घ्यायचा मार्ग खुला केला. त्यासाठी कलानिधीत चौरस फुटामागे 100 डॉलर भरण्याची अट तेव्हा घातली गेली. त्यावरून खटले झाले. 2,500 चौरस फुटांच्या मजल्याला ही रक्कम अडीच लाख डॉलर होत होती. जडने 1968 साली अख्ख्या इमारतीला दिलेल्या किमतीच्या साडेतीन पटींहून अधिक.