सिद्रापाँग जलविद्युत् केंद्र
भारतातील आद्य जलविद्युत् केंद्र. पश्चिम बंगालमधील दार्जिलिंग शहराच्या खाली, आर्य चहामळ्याच्या पायथ्याशी ते उभारण्यात आले. उद्‌घाटन १० नोव्हेंबर १८९७ रोजी झाले. डोंगरी ओढ्यांचे (झोरा) पाणी नळांवाटे तीव्र उतारावरून सोडून त्याच्या दाबावर टरबाइने फिरविली जात. प्रारंभी प्रत्येकी ६५ किवॉ. क्षमतेची दोन जनित्रे होती. रस्त्यांवरील रॉकेलच्या दिव्यांची जागा विजेच्या दिव्यांनी घेतली. पुढे शिवसमुद्रम् (१९०२) येथील वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी, तर खोपोलीची (१९१५) मुंबईच्या गिरण्यांसाठी निर्माण झाली. दार्जिलिंगमध्ये मात्र नगरपालिकेने ती नगराच्या प्रकाशासाठी आणली. पाणी थोडे असले, तरी पुरेशी उंची लाभल्यास लहान नगराची गरज भागविता येते, हे या केंद्राने दाखवून दिले.