शब्दाला जागलेली सायकलयात्रा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मॅसॅच्युसेट्स राज्यात सप्टेंबर १९८० मध्ये छत्तीस सायकलस्वार स्प्रिंगफील्ड या शहरातून निघाले. सुमारे २२० मैलांचे, म्हणजे साडेतीनशे किलोमीटरचे अंतर दोन दिवसांत कापून ते केप कॉड या समुद्रात शिरलेल्या भूभागाच्या अगदी टोकाशी, प्रॉव्हिन्सटाउन येथे पोहोचले. ही शर्यत नव्हती. कोणाला बक्षीस मिळावयाचे नव्हते आणि कोणाची वेळही मोजली जात नव्हती. प्रत्येकाने आप्तमित्रांकडे शब्द टाकून थोडीथोडी रक्कम जमविली होती. ती एकत्र केली तेव्हा १०,२०० डॉलर भरले आणि ते बोस्टनच्या कर्करोग संस्थेच्या ‘जिमी फंडा’त जमा झाले. ‘पॅन-मॅस चॅलेंज’ या आज जगप्रसिद्ध असलेल्या सेवायात्रेचा आरंभ असा साधा होता.

या उपक्रमाचे प्रवर्तक बिली स्टार. त्यांच्या मातोश्री १९७४ मध्ये त्वचेच्या कर्करोगाने गेल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे ४९ होते. पुढे जवळच्या नात्यातील आणखी माणसे याच व्याधीने हिरावली गेली. दुःख प्रत्येक घरात येते, पण ते घराच्या उंबरठ्याबाहेर नेऊन चार लोकांच्या उपयोगी लावण्याची बुद्धी सर्वांनाच होते असे नाही. स्टार यांना सायकलीचा छंद होता. त्यांनी तो छंदच आईच्या स्मृतीसाठी कामाला लावला.

ज्या संस्थेसाठी ही मंडळी पायडल मारीत होती, तिचा पूर्वेतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. डॉ. सिडनी फार्बर यांनी ती १९४७ मध्ये बालकांच्या कर्करोगावरील संशोधनासाठी स्थापन केली. रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांना औषधाने काही काळ तरी उतार पडू शकतो, हे त्यांनी १९४८ मध्ये जगापुढे मांडले. ते औषध ज्यांच्या प्रयोगशाळेतून आले, ते डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातील भीमवरमचे सुपुत्र होते. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले, आणि आपल्या देशात त्यांचे नाव अजूनही फारसे कोणाला ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट आहे. त्याच १९४८ च्या मे महिन्यात रुग्णालयातील एका बारा वर्षांच्या मुलाची मुलाखत रेडिओवरून प्रसारित झाली. खरे नाव झाकण्यासाठी त्याला ‘जिमी’ म्हटले होते. त्याच्या आवडत्या बेसबॉल संघाचे खेळाडू त्याच्या खाटेभोवती जमले होते. ती मुलाखत ऐकून लोकांनी त्या वर्षी दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम पाठविली. हा मुलगा वाचला नसेल, असेच पुढे बहुतेकांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तो बरा होऊन संसाराला लागला, पन्नास वर्षांनी, १९९८ मध्ये, सर्वांसमोर आला आणि २००१ मध्ये निवर्तला.

आता प्रत्यक्ष वाटेकडे वळू. पुढे या यात्रेला दरवर्षी ऑगस्टच्या आरंभीचा शनिवार-रविवार ठरून गेला. मुख्य मार्ग स्टरब्रिजहून निघतो आणि पहिल्याच दिवशी पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास चाल होते. एवढे अंतर एकट्याने कापणे म्हणजे शरीराची परीक्षा असते. समूहात मात्र वाऱ्याचा मारा पुढच्याने झेलावयाचा, मागच्यांनी त्याच्या आडोशाने दम राखावयाचा, आणि पुढचा थकला की त्याने बाजूला होऊन शेवटी यावयाचे, अशी रीत असते. मागे राहणाऱ्याचे कष्ट यामुळे बरेच हलके होतात. यातील गंमत अशी की पुढे असणे हा येथे मान नसून पाळी असते. रस्त्यात खड्डा दिसला, समोरून मोटार आली, पुढे थांबावयाचे असले, तर पहिल्याने हाताने खूण करावयाची व आवाज द्यावयाचा, आणि तो आवाज शेवटच्यापर्यंत पोहोचवावयाचा. मध्ये एकजण जरी गप्प राहिला तरी दहाजण पडू शकतात.

दर तीस-पस्तीस किलोमीटरवर पाणी आणि फराळाची सोय असते. पंक्चर काढणारे, मालिश करणारे, सामान वाहणारे, पहाटे उठून न्याहारी रांधणारे असे हजारो स्वयंसेवक कामाला जुंपलेले असतात. त्यांतील कित्येकांनी आयुष्यात लांबची सायकल कधी चालविली नसेल. लेकव्हिल येथील थांब्याच्या सुमारास उपचार घेत असलेल्या मुलांची छायाचित्रे लावलेली असतात. अनेक तुकड्यांनी त्यांतील एकेका बालकाला आपल्या संघाचा सोबती मानलेले असते. पाय भरून आलेला माणूस तेथून कुरकुरत निघत नाही. शनिवारचा मुक्काम बोर्न येथील नौकानयन अकादमीत होतो. स्वतः कर्करोग भोगून बरे झालेले किंवा उपचार चालू असतानाच सायकलीवर बसलेले शेकडो यात्री तेथे एकत्र जमतात. ब्रूस्टर गावी एका उन्हाळी शिबिरातील मुले कुंपणाआडून ढोल-घोषणांनी यात्रींचे स्वागत करीत असत. ते शिबिर २०२० मध्ये बंद पडले, तरी जुने यात्री त्या कुंपणाची आठवण काढतात.

व्यापारी मनाला यात विशेष भावावा असा भाग हिशेबाचा आहे. नाव नोंदविणारा प्रत्येकजण ठराविक किमान रक्कम जमविण्याचे लेखी वचन देतो. पूर्ण मार्गासाठी अलीकडे हा आकडा पाच-सहा हजार डॉलरच्या घरात गेला आहे. ती रक्कम मुदतीत जमली नाही, तर उरलेली तूट त्याच्या स्वतःच्या खात्यातून वळती केली जाते. शब्द दिला म्हणजे तो हुंडीप्रमाणे वटलाच पाहिजे! दुसरी गोष्ट अशी की यात्रींनी गोळा केलेला प्रत्येक डॉलर संस्थेकडे जातो. मांडव, भोजन, वाहने यांचा खर्च प्रवेशशुल्क आणि पुरस्कर्ते यांच्याकडून भागविला जातो. आपल्याकडील जुन्या पेढ्यांवर धर्मादाय खाते वेगळे ठेवीत आणि त्याला हात लावीत नसत, त्याचीच येथे आठवण व्हावी.

याचे महत्त्व दुसऱ्या एका उदाहरणावरून कळते. १९९४ पासून कॅलिफोर्नियात एड्सग्रस्तांच्या मदतीसाठी सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस अशी सात दिवसांची सायकलयात्रा निघू लागली. तिने मोठा निधी आणि मोठी माया मिळविली. ज्या काळी या रुग्णांना शिवावयास लोक भीत, त्या काळी त्यांच्यासोबत एका तंबूनगरीत राहण्याचे धैर्य तिने दाखविले. परंतु आयोजनावरील खर्च किती असावा यावरून वाद पेटले आणि आयोजक कंपनी २००२ मध्ये बंद झाली. खर्च केल्यावाचून मोठा निधी उभा राहत नाही, असा आयोजकांचा युक्तिवाद होता, आणि तो अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. दोन लाभार्थी संस्थांनी तीच वाट नव्या नावाने २००२ ते २०२५ पर्यंत चालू ठेवली, ही समाधानाची गोष्ट. तथापि दात्याच्या मनात एकदा किंतु आला की सहयात्रींतील जिव्हाळाही डळमळू लागतो.

पॅन-मॅस यात्रेची खरी कसोटी २०२० मध्ये लागली. महामारीमुळे एकत्र येणेच अशक्य झाले. रस्त्यावर तांडा नाही, मुक्काम नाही, पुढच्याचा आडोसा नाही. त्या वर्षी यात्रींनी आपापल्या गावात, आपापल्या गल्लीत, कोणी घरात बसविलेल्या सायकलीवर ठरविलेले अंतर पुरे केले. आदल्या वर्षी ६.३ कोटी डॉलर जमले होते. एकत्र न येताही त्या वर्षी पाच कोटी डॉलर जमले. २०२४ मध्ये १९८० पासूनच्या एकूण निधीने एक अब्ज डॉलरची सीमा ओलांडली. आरंभीच्या त्या १०,२०० डॉलरची नोंदही याच बेरजेत आहे.