हिरड्यांचा दोष कुणाकडे?

दातदुखीला साहित्यात थोडीफार जागा मिळाली आहे, हिरड्यांना मात्र जवळजवळ नाही. दात ठणकतो, माणूस कळवळतो आणि त्यातून विनोद वा करुण रस निर्माण होतो. हिरड्यांचा आजार मुकाट्याने वर्षानुवर्षे हाडापर्यंत उतरत जातो. चूळ भरताना दिसलेली रक्ताची रेघ, एवढीच काय ती त्याची वर्दी. अशा मूक रोगासाठी माणसाने कोणाकोणाला जबाबदार धरले, हे पाहणे उद्बोधक ठरते.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात दंतमूळांचे रोग दातांच्या रोगांपासून वेगळे काढले आहेत. त्यांतील ‘शीताद’ या विकारात हिरड्यांतून अकस्मात रक्त येते, त्या काळवंडतात, मऊ पडतात आणि दुर्गंधी सुटते. हे निरीक्षण आजच्या दंतवैद्यालाही पटावे. कारण मात्र देहाच्या आत, कफ आणि रक्त यांच्या बिघाडात शोधलेले आहे.

१६८३ साली डेल्फ्ट येथील कापडव्यापारी लेव्हेनहूक याने आपल्याच दातांच्या फटीतील पांढरा मळ भिंगाखाली धरला, तेव्हा त्यात वळवळणारे जीव दिसले. हा गृहस्थ रोज मिठाने दात घासणारा होता, हे विशेष. या जीवांचा रोगाशी संबंध जोडला जायला जवळपास दोन शतके जावी लागली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन दंतवैद्य जॉन रिग्ज याने दातांवरील कीटण खरवडून काढण्यावर भर दिला. काही काळ हा रोग त्याच्याच नावाने ओळखला गेला. आपल्याकडे मात्र त्याचे ‘पायोरिया’ हे नाव रुळले.

निर्णायक पुरावा १९६५ साली पुढे आला. डेन्मार्कमध्ये हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबवायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि सफाई पुन्हा सुरू होताच पूर्ववत झाल्या. जिवाणूंचा थर हेच कारण, हे सिद्ध झाले. खटला येथे संपायला हवा होता.

तो संपला नाही. लोए यांनीच १९७० पासून श्रीलंकेतील चहामळ्यांतल्या ४८० पुरुष कामगारांची पंधरा वर्षे पाहणी केली. दात घासण्याची रूढ साधने आणि दंतोपचार या दोहोंपासून हे कामगार दूर होते. थर सर्वांच्याच दातांवर होता. तरीही सुमारे ८ टक्क्यांत रोग झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने आणि ११ टक्क्यांत हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. म्हणजे थर आवश्यक, पण पुरेसा नव्हे. पुढे तंबाखू, मधुमेह आणि आनुवंशिकता यांचा वाटा अधिकाधिक स्पष्ट होत गेला.

१९८६ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधाच्या शीर्षकात रोगाच्या ‘नैसर्गिक इतिहासा’चा उल्लेख आहे. शब्दांशी व्यवहार करणाऱ्यांनी या विशेषणापाशी थोडे थांबावे. डेन्मार्कमधील बारा जणांच्या हातात तीन आठवड्यांत पुन्हा ब्रश आला. मळ्यातील कामगाराच्या वाट्याला आलेला अभाव मात्र ‘निसर्ग’ या नावाने नोंदला गेला. शास्त्रीय परिभाषेत ही संज्ञा उपचाराविना होणाऱ्या रोगक्रमासाठी रूढ आहे, हे मान्य. पण तो उपचार का नव्हता, हे ती सांगत नाही.

हा प्रश्न दूरचा नाही. महाराष्ट्रात अनेक स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या मिश्री लावत आल्या आहेत. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात स्वच्छ ठेवते, अशी समजूत आईकडून लेकीकडे येते. ज्या पदार्थाने हिरड्या दातांपासून सुटू लागतात, तोच पदार्थ सफाईचे साधन म्हणून हाती दिला जातो. अशा बाईला ‘निष्काळजी’ म्हणणे सोपे आहे. पण ती तर रोज सकाळी न चुकता दातांची काळजीच घेत असते.