कोलोरॅडो निदऱ्यांतील नामलेख

कोलोरॅडो निदऱ्यांतील नामलेख : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिम भागातील कोलोरॅडो नदी व तिची उपनदी ग्रीन यांच्या निदऱ्यांत आरंभीच्या प्रवाशांनी कड्यांवर लिहिलेली वा कोरलेली नावे व तारखा. त्यांच्या कित्येक शतके आधी येथील आदिवासींनी याच कड्यांवर चित्रे खोदली होती. तेव्हा ‘समन्वेषक’ ही संज्ञा येथे मर्यादित अर्थानेच घ्यावी लागते.

फरचा व्यापारी विल्यम ॲशली १८२५ मध्ये ग्रीन नदीतून गेला व त्याने रेड कॅन्यनमधील खडकावर आपले नाव व वर्ष लिहिले. १८६९ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल याच्या तुकडीने ते पाहिले, तेव्हा सनातील तिसरा अंक पुसट झाला होता. कोणी १८३५, तर कोणी १८५५ असे वाचले. ॲशलीच्या रोजनिशीमुळे खरे वर्ष निश्चित झाले. नामलेखास लेखी पुराव्याची जोड किती आवश्यक असते, हे यावरून दिसते.

उलटपक्षी, जेथे कागदपत्रे मूक आहेत तेथे खडकच साक्ष देतो. डेनिस झ्यूल्यँ या फ्रेंच वंशाच्या फर-शिकाऱ्याने नदीप्रवासाचे वर्णन मागे ठेवले नाही. तथापि हेल रोअरिंग कॅन्यनमध्ये त्याचे नाव, ३ मे १८३६ ही तारीख व जवळच नावेची आकृती कोरलेली आहे. पॉवेलच्या ३३ वर्षे आधी तो या भागात वावरत होता, हे अशा लेखांवरूनच कळते.

काही लेख मृत्यूचे स्मारक ठरले. नदीकाठाने लोहमार्ग नेण्याच्या पाहणीत फ्रँक ब्राउन १० जुलै १८८९ रोजी मार्बल कॅन्यनमध्ये बुडाला. तुकडीजवळ तरणजाकिटे नव्हती. पीटर हॅन्सब्रो याने ब्राउनचा मृत्युलेख कड्यावर कोरला. पाचच दिवसांनी तोही बुडाला.

विसाव्या शतकात जलाशयांमुळे या साधनांची मोठी हानी झाली. ॲशलीचा लेख फ्लेमिंग गॉर्ज धरणाच्या पाण्याखाली गेला. ग्लेन कॅन्यनमधील ‘म्यूझिक टेंपल’ या गुहासदृश पोकळीत पॉवेलच्या सोबत्यांनी १८६९ मध्ये नावे कोरली होती. त्यांपैकी ओरॅमेल व सेनेका हाउलंड हे बंधू आणि विल्यम डन यांनी २८ ऑगस्ट १८६९ रोजी तुकडी सोडली व ते परतले नाहीत. १९६३ पासून भरू लागलेल्या जलाशयाने त्यांची नावेही बुडविली; त्या जलाशयास पॉवेलचे नाव देण्यात आले.