ईमेल खाती अनेक, तरी फोन वाजत नाही : कॅलेंडरच्या स्मरणसूचनांतील दोष कसा शोधावा?

नोकरीसाठी एक ईमेल खाते, खासगी व्यवहारासाठी दुसरे आणि एखाद्या संस्थेच्या कामासाठी तिसरे, अशी व्यवस्था आता सर्रास आढळते. तिन्ही खात्यांची कॅलेंडरे एकाच फोनवर एकत्र दिसत असल्याने ती एकच आहेत, असा समज होतो. प्रत्यक्षात पडदा एक असला तरी वह्या तीन असतात. न्यायालयाची तारीख, डॉक्टरांची वेळ किंवा विवरणपत्राची अंतिम मुदत नोंदवूनही ऐनवेळी फोन वाजत नाही, त्यामागे अनेकदा हाच गोंधळ असतो.

नोंद कोणत्या खात्यात आहे?

दोष शोधताना पहिला प्रश्न हाच असावा. नोंद उघडल्यावर तिच्या तपशिलात कॅलेंडरचे आणि खात्याचे नाव दिसते. नवी नोंद करताना खाते निवडले नाही, तर ती डिफॉल्ट खात्यात जाते. ते खाते कार्यालयाचे असेल, तर नोकरी सुटल्यावर खात्याबरोबर मुलांच्या लसीकरणाच्या तारखाही हातून जातात.

बैठकीचे निमंत्रण ज्या पत्त्यावर येते, त्याच खात्याच्या कॅलेंडरमध्ये ते उतरते. गूगल कॅलेंडरमध्ये सर्वांची निमंत्रणे आपोआप घ्यावीत, केवळ ओळखीच्या प्रेषकांची घ्यावीत, की उत्तर दिल्यानंतरच घ्यावीत, याची निवड करता येते. निमंत्रण मेलमध्ये आहे पण कॅलेंडरमध्ये नाही, अशी स्थिती असल्यास ही निवड तपासावी.

मेल येतो, कॅलेंडर येत नाही

खाते आयमॅप पद्धतीने जोडले असेल, तर त्यातून केवळ मेल येतो. कॅलेंडर येत नाही. त्यासाठी कॅलडॅव्ह किंवा एक्स्चेंजसारखी वेगळी जोडणी लागते. फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या खात्याच्या नावाखाली ‘कॅलेंडर’ सुरू आहे का, हे पाहावे. गूगलच्या अॅपमध्ये प्रत्येक कॅलेंडरचे सिंकही स्वतंत्रपणे सुरू किंवा बंद करता येते.

सूचना ज्याची त्यानेच लावायची

सामायिक कॅलेंडरमधील नोंद सर्वांना दिसते, परंतु गूगल कॅलेंडरमध्ये सूचना प्रत्येकाने आपापल्या खात्यात लावायची असते. एकाने दहा मिनिटे आधीची सूचना ठेवली, म्हणून दुसऱ्याचा फोन वाजत नाही. शिवाय ठरावीक वेळेच्या आणि पूर्ण दिवसाच्या नोंदींसाठी सूचनांची सेटिंग्ज वेगवेगळी असतात. विम्याचा हप्ता ‘पूर्ण दिवस’ म्हणून नोंदवला असेल, तर ही दुसरी सेटिंग तपासणे आवश्यक ठरते.

एका खात्याचे कॅलेंडर दुसऱ्या खात्यात आणण्याचे दोन मार्ग आहेत. फाइल आयात केली, तर त्या क्षणाची नक्कल मिळते. मूळ नोंदीत पुढे झालेला बदल तिच्यात येत नाही. दुव्याद्वारे कॅलेंडर जोडले, तर बदल येतात, पण त्याला काही तास लागू शकतात. या देवाणघेवाणीसाठी वापरल्या जाणाऱ्या आयकॅलेंडर प्रमाणात सूचनेची नोंद करण्याची सोय आहे. मात्र स्वीकारणारी सेवा ती पाळेलच असे नाही. त्यामुळे महत्त्वाच्या तारखेसाठी दुव्यावर विसंबू नये.

एकच सूचना दोनदा

एकच खाते गूगलच्या आणि फोन कंपनीच्या अशा दोन कॅलेंडर अॅपमध्ये जोडलेले असल्यास दोन्ही अॅप सूचना देतात. अशा वेळी एकाच अॅपच्या सूचना सुरू ठेवाव्यात. रद्द केलेल्या बैठकीची सूचना येत राहिली, तर तिची आयात केलेली नक्कल दुसऱ्या खात्यात उरली आहे का, ते शोधावे.

घड्याळ आणि फोन

परदेशातील आप्तांशी किंवा कार्यालयांशी संपर्क असणाऱ्यांनी वेळक्षेत्राकडे विशेष लक्ष द्यावे. पोर्तुगाल आणि ब्रिटनमध्ये मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलते. भारतात बदलत नाही. लिस्बनमधील सकाळी 10 ची साप्ताहिक बैठक भारतात उन्हाळी वेळेत दुपारी 2.30 वाजता, तर हिवाळ्यात 3.30 वाजता असते. ती नोंद लिस्बनच्या वेळक्षेत्रात केली, तरच हा बदल आपोआप होतो.

सर्व काही बरोबर असूनही सूचना येत नसेल, तर दोष फोनमध्ये शोधावा. अॅपला नोटिफिकेशनची परवानगी नसणे, ‘डू नॉट डिस्टर्ब’ सुरू राहणे आणि अँड्रॉइडमधील बॅटरी बचतीमुळे पार्श्वभूमीतील काम थांबणे, ही नेहमीची कारणे होत.

तपासणीचा क्रम

1. प्रत्येक खात्यात पंधरा मिनिटांनंतरची एक चाचणी नोंद करावी आणि नोंदीच्या नावात खात्याचे नाव लिहावे.
2. प्रत्येक नोंदीला पाच मिनिटे आधीची सूचना लावावी.
3. संगणकाच्या ब्राउझरमध्ये प्रत्येक खाते उघडून नोंद तेथे पोहोचली का, हे पाहावे. पोहोचली नसेल, तर दोष सिंकमध्ये आहे.
4. नोंद पोहोचली पण फोन वाजला नाही, तर दोष सूचनेच्या सेटिंगमध्ये किंवा फोनमध्ये आहे.
5. एकही सूचना आली नाही, तर फोनची परवानगी आधी तपासावी. एकाच खात्याची आली नाही, तर त्या खात्याची सेटिंग पाहावी.

दोष सापडल्यानंतर खासगी तारखांसाठी स्वतःच्या मालकीचे एकच खाते ठरवावे आणि तेच डिफॉल्ट ठेवावे. फोन बदलल्यावर किंवा पासवर्ड बदलल्यावर हीच चाचणी पुन्हा करावी, कारण अशा वेळी जोडणी तुटली तरी जुन्या नोंदी पडद्यावर तशाच दिसू शकतात. ज्या तारखा चुकल्यास भरपाई नाही, त्या कागदी दिनदर्शिकेवरही लिहून ठेवणे श्रेयस्कर.